पाकिटातल्या दोन गोळ्या

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पाकिटात दोन गोळ्या होत्या. एक सॉर्बिट्रेट, जिभेखाली ठेवायची. दोन वर्षांपूर्वी एका रात्री छातीत जळजळत होतं, तेव्हा एका दवाखान्यात ‘जवळ असू द्या’ म्हणून दिलेली. दुसरी सिल्डेनाफिल, लिंगाला ताठरता यावी म्हणून घ्यायची, १०० मिलिग्रॅमची. ती आणायला मी कराडहून मुद्दाम साताऱ्याला गेलो. मेडिकलमध्ये ओळखीचं कुणी नाही ना, हे दोनदा पाहिलं आणि चिठ्ठीशिवाय घेऊन आलो. या दोन गोळ्या एकाच दिवशी पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

माझं वय ५२. आठ वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. वर्षभर ताठरता येत नव्हती, आली तरी टिकत नव्हती. मी रात्री उशिरापर्यंत पेपर तपासत बसायचो, ही झोपली की आत जायचो. आधी चार हजारांचं एक चूर्ण घेऊन झालं. त्याने डोकं ठणकायचं, चेहरा तापायचा, आणि कधीकधी गुणही यायचा. आयुर्वेदिक आहे, अपाय नाही, असं मी मनाशी म्हणत होतो.

साताऱ्याची गोळी घ्यायचा धीर मात्र झाला नाही. शेवटी कोल्हापूरला मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्याहून वयाने लहान. मी आडवळणाने ‘अशक्तपणा’ म्हणालो. त्यांनी सरळ विचारलं, “सर, सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? हळूहळू कमी झाली की एकदम?” मी उत्तरं देत गेलो आणि छातीवरचं ओझं उतरत गेलं. मग त्यांनी विचारलं, “छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?” मी पाकीट उघडून दोन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर काही क्षण काहीच बोलले नाहीत.

त्यांनी समजावलं ते असं. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. ज्या रसायनामुळे त्या सैल होतात, ते शरीर एरवी थोड्या वेळात मोडून टाकतं. सिल्डेनाफिल ते मोडूच देत नाही. म्हणजे एकीने नळ सोडायचा आणि दुसरीने मोरीला बोळा लावायचा. रक्तदाब इतका खाली जातो की माणूस उठत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि त्याच कामाची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध चालत नाही. ज्याला ते नेहमी लागतं, त्याने या गोळ्यांच्या वाटेलाच जायचं नाही.

चूर्णाचं ऐकून ते म्हणाले, अशा चुर्णांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडतं, आणि किती मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. खिशात सॉर्बिट्रेट ठेवून मी ते चूर्ण महिनाभर खात होतो. तो महिना आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

त्या दिवशी औषध मिळालं नाही. मी हिरमुसलो, पण ते बरोबरच होतं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड कधीकधी आधी तिथे दिसतो आणि हृदयाचा नंतर कळतो. म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, टूडी इको, पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट. सगळं ठीक निघालं. ते जळजळणं पित्ताचं होतं. सॉर्बिट्रेटची गरज नाही, असं त्यांनी लिहून दिलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) मात्र वाढलेली, ९.१ होती. टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी लवकर रक्त दिलं, ते व्यवस्थित आलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हिलाही आणायला सांगितलं. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला वाटलं, तुमचं माझ्यावरचं मन उडालं.” वर्षभर ती हे पोटात ठेवून होती. मी काय लपवत होतो आणि तिच्यापर्यंत काय पोचत होतं, ते मला तेव्हा कळलं.

सिल्डेनाफिल ५० पासून सुरू झालं. चोवीस तासांत एकच गोळी. पहिल्याच वेळी फसलं. रविवारी मटणाचं जेवण झालं, वर लगेच गोळी, आणि काही नाही. मी खचलो. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, तेलकट-जड जेवणावर ती उशिरा आणि कमी लागते. तासभर आधी, हलक्या पोटी घ्या. गोळी इच्छा निर्माण करत नाही, जवळीक तुमची तुम्हालाच साधायची आहे. पाच-सहा वेळा नीट घेतल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणू नका, आणि मनाने १०० वर जाऊ नका. तिसऱ्या खेपेला जमलं. नाक चोंदतं, डोकं थोडं जड होतं, तेवढंच.

ही बरोबर आली होती त्या भेटीत सगळ्यात नेमका प्रश्न हिनेच विचारला होता. “गोळी घेतल्यावर यांच्या छातीत दुखलं तर मी काय करायचं?” डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून दिलं: १०८ ला फोन करा, जिभेखाली काही देऊ नका, आलेल्या माणसांना गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ आधी सांगा. ताठरता चार तासांहून जास्त राहिली किंवा एकाएकी दिसेनासं-ऐकू येईनासं झालं, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. तो कागद हिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

तीन महिन्यांची शुगर आता ७.४ आहे. रोज संध्याकाळी आम्ही दोघं प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो.

गेल्या महिन्यात घसा आणि ताप घेऊन एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन लिहीत होते. दुसरं काही चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. मागे बाकावर माझ्या शाळेतल्या मुलाचे वडील बसले होते. मी शुगरची सांगितली, बीपीची सांगितली, आणि त्याच आवाजात सिल्डेनाफिलही सांगितली. डॉक्टरांनी पेन थांबवलं, लिहिलेलं खोडलं आणि दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं.