पावशेर तूप

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की नाना पेठ आणि भवानी पेठ दोन दिवस वारकऱ्यांच्या होतात. तुकोबा निवडुंग्या विठोबाच्या देवळात, ज्ञानोबा पालखी विठोबाच्या देवळात आणि त्यांच्यामागून आलेली माणसं जागा मिळेल तिथे: शाळांच्या वर्गांत, देवळांच्या ओवऱ्यांत, इमारतींच्या पार्किंगमध्ये. आमच्याकडे परभणीकडच्या एका गावाची दिंडी उतरते. सासूबाईंच्या वेळी इथे वाडा होता, तेव्हापासूनचा हा ऋणानुबंध. वाडा पाडून इमारत झाली, विहीर बुजली, तरी दिंडीतल्या म्हाताऱ्या बायका आल्या की आधी विहिरीच्या जागेला हात लावून नमस्कार करतात.

यंदा मी त्यांच्याबरोबर सासवडपर्यंत चालले. जाण्यामागे कारण होतं. माझी एक जवळची मैत्रीण वर्षभर मागे लागली होती, "गुरू कर, गुरूवाचून सगळं फुकट आहे." तिच्या आग्रहाखातर मी एका महाराजांच्या सत्संगालाही जाऊन आले. तिथे पुढच्या रांगेचे पैसे वेगळे होते. पादुकापूजनाचे आणखी वेगळे. मी मागच्या मागे घरी आले, पण तिचं म्हणणं मनातून जाईना. कारण ते खोटं नाही. आपल्याकडे गुरूवाचून कोणीच पुढे गेलेलं नाही. ज्ञानदेवांना निवृत्तिनाथ, एकनाथांना जनार्दनस्वामी. नामदेवांशी तर देव बोलायचा असं म्हणतात, तरी गोरोबाकाकांनी त्यांचं मडकं कच्चं ठरवलं आणि त्यांना विसोबा खेचरांना शरण जावं लागलं.

एकादशीच्या पहाटे निघालो. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, त्यामागे गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. लक्ष्मी रस्त्यावरून मिरवत येणारी पालखी मी गॅलरीतून आयुष्यभर पाहिली आहे, पण आत शिरल्यावर दिसतं ते निराळंच. आत शिस्त आहे. कोणी ओळ मोडत नाही, अभंगाचा क्रम चुकत नाही. पखवाज वाजवणारा पोरगा विशीतला. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेला. विष्णुबुवा जोग आमच्या पुण्याचे. त्यांनी ही संस्था 1917 साली काढली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर एसपी कॉलेजचे प्राचार्य होते आणि तेच खांद्यावर पताका घेऊन वारीला चालायचे. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणताना ही माणसं आपल्याला आठवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पुलगेटच्या पुढे रस्ता रुंद झाला आणि सगळ्या दिंड्यांनी एकदम "जय जय राम कृष्ण हरी" धरलं. हे भजन लहानपणापासून कानावर आहे. पण त्या दिवशी गुरूचाच विचार डोक्यात घोळत होता म्हणून लक्षात आलं, की हा गुरुमंत्र आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. ही तिथी आणि वार तुकोबांनी स्वतः अभंगात नोंदवून ठेवले आहेत. गुरुमंत्र कानात सांगतात, तो कोणाला कळू द्यायचा नसतो, असं मी माहेरी ऐकत आले. आणि इथे तोच मंत्र लाखो माणसं भर सोलापूर रस्त्यावर, बँकांच्या आणि मिठाईच्या दुकानांसमोरून, टाळ कुटत मोठ्याने म्हणत होती. रस्त्याकडेच्या बंदोबस्तातले पोलीसही ओठ हलवत होते. तुकोबांनी आपल्याला मिळालेलं काहीच लपवून ठेवलं नाही. "मेघवृष्टीने करावा उपदेश, परी गुरूने न करावा शिष्य" असं त्यांनीच म्हटलं आहे. पाऊस पडताना हे माझं शेत, ते परक्याचं, असं पाहत नाही.

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा सरळ लोणी काळभोरकडे, ज्ञानोबा उजवीकडे सासवडच्या रस्त्याला. तिथे आम्ही बराच वेळ खोळंबलो.

दिंडीप्रमुखांना सगळे बुवा म्हणतात. सत्तरी ओलांडलेले, कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन आणि तूर एवढंच पीक. पेरणी झाली तर ठीक, नाहीतर मुलावर सोपवून येतात. दिंडीतल्या बहुतेकांनी माळ त्यांच्याच हातून घातलेली, म्हणजे रीतीने पाहिलं तर ते या सगळ्यांचे गुरूच. मी सकाळपासून त्यांना शोधत होते. वाटलं, पुढे असतील, निदान वीणेजवळ. बुवा शेवटच्या ओळीत होते. एका म्हातारीची पिशवी त्यांच्या खांद्याला होती आणि चप्पल तुटलेल्या एका माणसाला ते रस्त्याकडेच्या चांभाराकडे घेऊन गेले होते. चांभार वारकऱ्यांचे पैसे घेत नव्हता.

वडकीला विसाव्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी झाली. मी बुवांच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "बुवा, गुरू केल्याशिवाय वारी फळत नाही का?"

बुवांनी आधी हातातला द्रोण संपवला. "ताई, माझ्या बापानं माळ घातली, त्याच्या हातून म्या घातली. म्या या लेकरांला घातली. मधे माझं काय हाय? म्या निस्ता दोरा ववला."

मग म्हणाले, "तुकोबारायाच्या गुरूनं काय मागितलं, ठाव हाय का?"

मला ठाऊक होतं. "सत्य गुरुरायें कृपा मज केली, परी नाहीं घडली सेवा कांहीं" या अभंगात पुढे ते येतं: "भोजना मागती तूप पावशेर, पडिला विसर स्वप्नामाजी." गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नात राहून गेलं.

"मंग ते तूप आजून द्यायचं राहिलं ना?" बुवा म्हणाले. "तुमी पुण्याचे लोक सकाळपासून वाढायलात, पाय चेपायलात, दाढ्या करायलात. तुमाला आमी कोण लागतो? ते पावशेर तूप फेडायलात तुमी. ते फिटत न्हाई, म्हणून तर दरसाल वारी."

तो अभंग मी कितीदा म्हटला असेल, पण तो असा कोणी मला लावून दाखवला नव्हता. इतक्या मोठ्या संतानं आपल्या हातून गुरूची सेवा झाली नाही असं लिहून ठेवावं आणि पुढच्या लोकांनी ते ऋण आपल्या अंगावर घ्यावं, हे मला फार मोठं वाटलं. आणि सत्संगाचा तो हॉल आठवला. तिथे देण्याची वाट एकाच दिशेला जात होती, व्यासपीठाकडे. इथे गुरू स्वप्नात येऊन गेलेला, त्याची गादी नाही, हिशेब नाही. म्हणून त्याला द्यायचं ते समोर दिसेल त्याच्या पानात पडतं.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. शिऊरच्या बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. नवऱ्याचा विरोध, ब्राह्मणाच्या बाईनं वाण्याला गुरू मानलं म्हणून लोकांचा रोष, तरी त्या देहूला आल्या. आणि चौदाशे वर्षांचे म्हणवणारे चांगदेव शरण गेले ते मुक्ताबाईला, एका पोरसवदा मुलीला. जात, वय, बाईमाणूस, यातलं काहीच या परंपरेत गुरुपणाच्या आड आलं नाही. माझ्या मैत्रिणीला हे सांगायला हवं, असं मनात म्हणत मी उठले.

दिवे घाटात पाऊस आला. प्लॅस्टिकचे कागद निघाले, तुळशी मात्र उघड्याच राहिल्या. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. चढावर भजनाचा जोर वाढतो हे ऐकून होते, ते खरंच आहे; दम लागलेला माणूस ठेका सोडत नाही, ठेकाच त्याला वर नेतो. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पुढच्या बाईनं मागे न पाहताच हात दिला आणि घाट संपेपर्यंत सोडला नाही.

सासवडच्या तळावर समाज आरती असते. चोपदार हातातला चोप वर करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतलं जातं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. ही सगळी घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. शिंद्यांच्या पदरचे सरदार, सगळं सोडून आळंदीला राहिले. त्यांची आठवण आळंदीच्या महाद्वारात पायरी म्हणून आहे. आळंदीच्या कार्तिकी यात्रेची सुरुवात तिच्या पूजेने होते.

सासवड सोपानदेवांचं गाव. निवृत्तिनाथांचे हे धाकटे भाऊ आणि शिष्यही. रात्री आमच्या दिंडीत गुरुपरंपरेचे अभंग झाले, आदिनाथांपासून निवृत्ती-ज्ञानदेवांपर्यंत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेचा एकच शब्द येतो, आचार्योपासना, आणि त्यावर ज्ञानदेवांची वाणी ओव्यांमागून ओव्या वाहत राहते. गुरू जिथे उभे राहतील तिथल्या मातीत माझ्या शरीराची माती मिसळीन, इथपर्यंत ते जातात. भजन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडले. बुवा त्या पखवाजवाल्या पोराच्या पायाशी वाकले, आणि पोरगाही त्यांच्या.

निघताना मी माळेचं विचारलं. बुवांनी लगेच हो म्हटलं नाही. "आधी एकादशा करून बघा. हरिपाठ पाठ करा. मग कार्तिकीला आळंदीला या. ज्ञानेश्वरीवर माळ ठिवायची आन् ती उचलून गळ्यात घालायची. माळ माउलीची. म्या नसलो तर कुणाच्याबी हातून घाला."

परत येताना बसने हडपसरपर्यंत उभ्याने आले. मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं, पण तिचे महाराज तिला सोडवत नाहीत. तिच्या भक्तीला मी नावं ठेवणार नाही. पैशाच्या रांगेला मात्र ठेवते, आणि तिलाही ते माहीत आहे. पुढच्या वर्षी ती घाटापर्यंत येते म्हणाली आहे.

आषाढी पौर्णिमेला, म्हणजे गुरुपौर्णिमेला, बुवांना फोन केला. ते गोपाळपूरला काल्यात होते आणि गलक्यात धड काही ऐकू येत नव्हतं. नमस्कार म्हटलेला त्यांच्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे. ते एवढंच विचारत होते, "हरिपाठ कुठवर आला?"

अकराव्या अभंगापर्यंत, मी ओरडून सांगितलं.