एमोसाँच्या वरती, चोवीस कोटी वर्षांपूर्वीची ओहोटी

फिनोच्या स्टेशनाबाहेरून सुटलेली बस शेवटचं वळण घेते आणि एमोसाँ धरणाची कमान समोर येते. १८० मीटर उंच. समोर दरीपलीकडे बर्फाने भरलेला माँ ब्लाँ. बसमधली बहुतेक मंडळी इथेच थांबतात, फोटो काढतात, कॉफी पितात. आम्हाला अजून पाचशे मीटर वर चढायचं होतं. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, फ्रान्सच्या सीमेला लागून, २४०० मीटर उंचीवर एक कातळ आहे. त्यावर फार प्राचीन प्राण्यांच्या पाऊलखुणा आहेत. लेक लोझानला राहते, आणि तिच्याकडे यायचं ठरल्यापासून मी त्या कातळाचाच विचार करत होतो.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. याआधी फार लवकर येऊ नये, कारण कातळावर बर्फ असतो. दिवाळीपर्यंत थांबलं तर नवा बर्फ पडायला लागतो. अडीच-तीन महिन्यांची काय ती संधी.

धरणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलो आणि तलावाच्या काठाने चालू लागलो. पाणी हिरवट, दुधाळ. बर्फाच्या नद्यांनी दगड घासून केलेली पिठी त्यात मिसळलेली असते, म्हणून तो रंग. या पाण्याखाली बार्बरीन नावाचं जुनं धरण बुडालेलं आहे. पाणी खूप उतरलं की त्याची भिंत दिसते म्हणतात. आमच्या वेळी तलाव भरलेला होता.

वरचा तलाव म्हणजे व्ह्यू एमोसाँ, जुनं एमोसाँ. त्याची भिंत अलीकडे वीसेक मीटर वाढवली. या दोन तलावांच्या मधल्या डोंगराच्या पोटात नाँ द द्राँसचं वीजकेंद्र आहे, ९०० मेगावॅटचं, २०२२ मध्ये सुरू झालेलं. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडायचं. आपल्या घाटघरला हेच चालतं, २५० मेगावॅटवर. रतनगडाच्या वाटेवर ते पाणी मी कितीदा पाहिलंय. इथेही डोंगर आतून असा पोखरलेला आहे हे वर चालताना जाणवतसुद्धा नाही.

वरच्या तलावाच्या भिंतीपासून पुढे डांबर संपतं. मग खरी पायवाट, दगडगोट्यांची, तलावाला उजव्या हाताला ठेवत चढणारी. एका दरडीवरून शिट्टी आली. मार्मोट, खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी! आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो, पण ते बिळात गेलं होतं. धरणापासून निघून अडीच तासांनी कातळ दिसला.

आणि त्यावर काहीही दिसेना. बाराचं ऊन. तिरपी, करडी-तांबूस फरशी, तिच्यावर सगळीकडे खळगे. मी उभ्या उभ्या शोधत होतो.

"बाबा, खाली बसून बघा," लेक म्हणाली. "डोळे दगडाच्या पातळीला आणा."

बसलो. आधी दिसल्या त्या लाटा. दगडात गोठलेल्या, बोटभर अंतरावरच्या वळ्या. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गुहागरला ओहोटीच्या वेळी ओली वाळू अगदी अशीच दिसते, तळव्यांना अशीच टोचते. म्हणजे आम्ही बसलो होतो तो उथळ पाण्याचा काठ होता. आल्प्स तेव्हा नव्हतेच. जगातले खंड एकमेकांना चिकटलेले होते, आपला भूभागही त्यातच, दूर दक्षिणेला. नंतर गाळ साचला, वाळूचा दगड झाला, आणि फार पुढे आफ्रिकेच्या बाजूचा भूभाग युरोपवर आदळला तेव्हा हा समुद्रकाठ उचलला जाऊन इथवर आला. तिरपा झाला तोही त्याच रेट्यात.

या खुणा फ्रेंच भूवैज्ञानिक जॉर्ज ब्रोनेर यांना ऑगस्ट १९७६ मध्ये सापडल्या. तेव्हा त्या डायनासोरांच्या मानल्या गेल्या, आणि लोक आजही तसंच म्हणतात. पण मार्को अवान्झिनी आणि लिओनेल कावँ या संशोधकांनी २००९ मध्ये इथल्या पावलांच्या एका ओळीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि चित्र बदललं. थर आधी वाटला त्याहून जुना निघाला, साधारण २४ कोटी वर्षांचा. खात्रीने डायनासोरची म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं सुमारे २३ कोटी वर्षांची आहेत. इथून चाललेले प्राणी त्यांच्या आधीचे, मगर आणि डायनासोर ज्या मोठ्या कुळातून आले त्या कुळातले, बहुधा मगरीच्या बाजूचे.

येण्याआधी हे वाचलं होतं. मन थोडं खट्टू झालं होतं, खोटं कशाला सांगू. कातळाशी बसल्यावर ते राहिलं नाही. उलट वाटलं, डायनासोर अजून यायचे होते तेव्हाची ही सकाळ आहे. किंवा संध्याकाळ. कुणीतरी पाण्याच्या कडेने चाललं होतं, एवढं मात्र नक्की.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही तिथेच थांबलो. कातळावर पाय ठेवला नाही, कडेकडेनेच फिरलो. खुणांवरून बूट फिरले की धार झिजते. गोठणं-वितळणं दरवर्षी दगड फोडतंच, त्यात आपली भर कशाला?

अडीचच्या सुमारास ऊन तिरपं व्हायला लागलं आणि खळग्यांना कडा आल्या. एकाला बोटं फुटली. एका बाजूला आखूड, बाहेर वळलेलं पाचवं बोट, अंगठ्यासारखं. अशा ठशांना शास्त्रज्ञांनी हाताच्या पंजावरून नाव दिलंय ते का, ते तेव्हा कळलं. फक्त हा 'अंगठा' आतल्या नाही, बाहेरच्या अंगाला असतो. मग त्याच्या पुढे दुसरा ठसा, त्याच्या पुढे तिसरा. डावा, उजवा, डावा. लेक बोटाने हवेतच मोजत होती. सातव्यानंतर तिला ओळ सापडेना, मला आणखी एक दिसल्यासारखा वाटला.

तेवढ्यात सीमेवरच्या कड्यावरून ढग उतरला. दोन मिनिटांत कातळ पुन्हा सपाट, करडा. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. ढग हलेना, आणि खाली शेवटची बस पकडायची होती.