लिनक्सचं पार्टिशन वाढवताना कोणतं टूल वापरलं, माझा अनुभव

आजोबांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी मी गेल्या वर्षीपासून कॉम्प्युटरवर उतरवतोय, वेव्ह फाइलमध्ये, त्यामुळे ९० मिनिटांची एक कॅसेट म्हणजे जवळपास ९५० एमबी. बासष्ट कॅसेटी झाल्या आणि त्रेसष्टावी चालू असताना मधेच रेकॉर्डिंग थांबलं. डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर रूट, म्हणजे लिनक्सचं मुख्य पार्टिशन, १००% भरलेलं. १ टीबीची हार्ड डिस्क, त्यात लिनक्सच्या पार्टिशनला (डिस्कचा वेगळा केलेला भाग) फक्त १२० जीबी दिलेले, बाकी सगळं विंडोजचं सी आणि डी. डी ड्राइव्ह ४०० जीबी आणि निम्म्याहून जास्त रिकामा. म्हटलं त्यातले १०० जीबी काढून लिनक्सला देऊ.

मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "अरे पार्टेडनं एका ओळीत होतं की." पार्टेड म्हणजे पार्टिशन बदलायचं टर्मिनलवरचं टूल. टर्मिनल उघडून बसलोही होतो पण आधी मॅन्युअल वाचलं ते फार बरं झालं, कारण पार्टेड तुम्ही एंटर मारला की तिथल्या तिथे डिस्कवर लिहितं, नंतर सेव्ह करू का वगैरे काही नाही. आणि त्याची रीसाइझपार्ट कमांड फक्त पार्टिशनची हद्द बदलते, आतल्या फाइलसिस्टिमला (फाइल मांडून ठेवायच्या व्यवस्थेला) हातही लावत नाही, म्हणजे डी लहान करायला ती वापरली असती तर आतली एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) ४०० चीच राहिली असती आणि कुंपण ३०० वर. पूर्वी पार्टेडमध्ये पार्टिशन सरकवायची सोयही होती, पण २०११ च्या ३.० व्हर्जनमध्ये ती काढून टाकली.

मग एफडिस्क, तेही टर्मिनलवरचंच टूल. हे मला आवडतं, कारण तुम्ही डब्ल्यू दाबेपर्यंत सगळं नुसतं मेमरीत असतं, काही चुकलं तर क्यू दाबायचं आणि बाहेर. (त्याला जीपीटी, म्हणजे पार्टिशनची यादी डिस्कवर ठेवायची नवी पद्धत, कळत नाही असं जुन्या लेखांत वाचाल, ते आता खरं नाही, २०१३ पासून कळतं.) त्यात पार्टिशन वाढवायचं म्हणजे ते डिलीट करून त्याच स्टार्ट सेक्टरपासून मोठं बनवायचं, ext४ ची (लिनक्सच्या फाइलसिस्टिमची) सिग्नेचर, म्हणजे ओळखखूण, काढू का विचारतं तिथे नाही म्हणायचं आणि मग आतली फाइलसिस्टिम वाढवायला रीसाइझ-टू-एफएस चालवायचं, एवढंच. पण हे कधी चालतं, तर मोकळी जागा पार्टिशनच्या उजवीकडे असेल तेव्हाच. एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड) बघून कागदावर डिस्क काढली तेव्हा लक्षात आलं की आपला डी लिनक्सच्या डावीकडे आहे, म्हणजे स्टार्टच मागे न्यायचा, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून सरकवायचा. हे काम एफडिस्कचं नाहीच.

म्हणून जी-पार्टेड, हे माउसनं चालवायचं, डिस्कचं चित्र दाखवणारं टूल. चालू रूट सरकवता येत नाही, त्यावर किल्लीचं चित्र दिसतं, त्यामुळे जी-पार्टेड लाइव्ह पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करायचं. त्याआधी दोन गोष्टी केल्या. सगळ्या वेव्ह फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी केल्या आणि चारपाच फाइल तिथून वाजवून बघितल्या, आणि एसएफडिस्क या कमांडनं पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठे आहे त्याची यादी) टेक्स्ट फाइलमध्ये काढून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवलं. कुठलंही टूल घ्या पण हे करूनच पुढे जा, कळकळीनं सांगतो.

पहिल्या वेळी जी-पार्टेडमध्ये डी समोर इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण. विंडोज नेहमीसारखं शटडाउन केलं होतं पण फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपलेलं असतं. परत विंडोजमध्ये जाऊन ते बंद केलं आणि डी लहान करायचं कामही तिथल्याच डिस्क मॅनेजमेंटवर सोपवलं, एनटीएफएस त्यांची आहे तर त्यांनीच आवरावी असं माझं मत.

दुसऱ्या वेळी डी आणि लिनक्सच्या मधे करड्या रंगाचा १०० जीबीचा पट्टा दिसला. लिनक्सवर राइट क्लिक, रीसाइझ-मूव्ह, डावी कड ओढून पट्ट्याच्या टोकाला नेली. पार्टिशन सरकवल्यावर सिस्टिम बूट न होण्याची शक्यता आहे अशी सूचना आली. यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहतो आणि माझा ग्रब (बूट करणारा प्रोग्रॅम) यूयूआयडीनं शोधतो, म्हणून पुढे गेलो. खाली यादीत एकच काम, अजून डिस्कला काही झालेलं नाही. ती ओळ दोनदा वाचली, चार्जर लावलाय ना बघितलं, इन्व्हर्टर बघितला (आमच्याकडे दुपारी लाइट जाते म्हणून हे सगळं रात्री साडेदहाला) आणि मग हिरवी टिक दाबली.

आधी फाइलसिस्टिम तपासली, मग कॉपी सुरू झाली, किती जीबी झाले आणि किती वेळ राहिला ते दिसत होतं. माझं पार्टिशन जवळपास पूर्ण भरलेलं होतं, त्यामुळे १२० जीबीला आमच्या जुन्या डिस्कवर सव्वा तास लागला. तेवढा वेळ मी तिथून उठलो नाही, कारण या मधल्या टप्प्यात लाइट गेली तर अर्धा डेटा इथे आणि अर्धा तिथे.

पावणेबाराच्या सुमारास पूर्ण झालं. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं, ग्रब आला, लिनक्स उघडलं. डीएफमध्ये आता रूट २२० च्या आसपास आणि अर्ध्याहून थोडं जास्त भरलेलं. त्रेसष्टावी कॅसेट सुरुवातीला गुंडाळून पुन्हा लावली, आजोबांचा "जय जय रामकृष्ण हरी" हेडफोनमध्ये आला आणि ती संपेपर्यंत बसून राहिलो.