आमची वाटचाल: खडीच्या खाणीतून एर्फूदच्या वाळवंटात

आमचा धंदा गारगोट्यांचा. वडिलांनी नाशिकला सुरुवात केली तेव्हा माल म्हणजे विहिरीच्या सुरुंगातून, खडीच्या खाणीतून निघालेले झिओलाइटचे आणि त्याच्या सोबतच्या स्फटिकांचे नमुने. जळगावकडचं स्टिल्बाइट, राहुरीचं हिरवं अपोफिलाइट, नशिबात असेल तर वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट. दख्खनचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्याच्या पोकळ्यांत हे स्फटिक तयार झाले. आम्ही फक्त जपून काढायचं, धुवायचं, कापसात गुंडाळायचं. टोक शाबूत असेल तर भाव. टोक उडालं की तोच नमुना किलोच्या ढिगात. या एका नियमावर आमचं घर चाललं.

म्यूनिकला दर ऑक्टोबरात खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे शेजारच्या टेबलावर मोरोक्कोचे व्यापारी असायचे. ते आमचे स्फटिक न्यायचे आणि आम्ही त्यांचे जीवाश्म नुसते हाताळून परत ठेवायचो. शेवटी त्यांच्यातल्या एकाने घरीच बोलावलं.

मोरोक्कोतल्या फेस शहरातून निघालो तर वाटेत मिदेल्त लागतं. तिथल्या मिब्लादेन खाणींचं लालभडक व्हॅनाडिनाइट पाहून थांबणं आलंच. पुढे झिझ नदीची घळ, मग खजुराची लांबच लांब बनं, आणि त्यानंतर एर्फूद. वाळूच्या टेकड्या बघायच्या तर आणखी पुढे मर्झुगाला जावं लागतं. एर्फूदचं वाळवंट दगडगोट्यांचं आहे. रस्त्याकडेच्या कारखान्यांबाहेर काळ्या चुनखडीची टेबलं, वॉशबेसिनं, कारंजी मांडलेली, आणि प्रत्येकात पांढरे लांबट सुळके. यांना धंद्यात ऑर्थोसेरस म्हणतात, म्हणजे सरळ शंखात राहणारे माखलीचे दूरचे भाऊबंद. 40 कोटी वर्षांच्या आसपास इथे समुद्र होता.

कापणारा आधी लादीची कड ओली करून पाहतो. सुळका कुठल्या दिशेने गेलाय ते कडेवरच्या पांढऱ्या खुणेवरून ओळखायचं. सुळक्याच्या लांबीने कापलं तर आतले कप्पे एकामागोमाग एक दिसतात. आडवं कापलं तर हाती नुसती वर्तुळं येतात. मग पाण्याखाली हिऱ्याची चकती आणि जाड्या दाण्यापासून बारीकपर्यंत पॉलिश. भेगा दगडाच्याच भुकटीत राळ कालवून भरतात आणि ते कोणी लपवतही नाही. काही ठिकाणी मात्र कोरडंच घासत होते. माणसं भुकटीने पांढरी. खंबातच्या अकीक कारागिरांची फुप्फुसं दगडाच्या भुकटीने कशी निकामी झाली ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माल फक्त ओल्या कटाईचा घ्यायचा हे तिथेच ठरलं.

खरा धडा ट्रायलोबाइटने दिला, म्हणजे समुद्रातल्या कधीच्याच नामशेष झालेल्या कवचाच्या प्राण्याच्या जीवाश्माने. अल्निफकडच्या डोंगरांत खणणारे लोक हातोडीने खडक फोडत जातात. आत प्राणी आहे हे कळतं तेच खडक फुटून त्याचा छेद दिसल्यावर. मग दोन्ही तुकडे चिकटवायचे आणि वरून सुईसारख्या हत्याराने कण कण दगड काढत त्याला मोकळं करायचं. डोळ्यांची भिंगं, पाठीवरचे काटे, सगळं असं उकलतं. चांगल्या नमुन्यावर कारागीर दिवसचे दिवस बसतो. म्हणजे अस्सल मोरोक्कन ट्रायलोबाइटमधून सांध्याची एक बारीक रेघ बहुधा गेलेली असतेच. साच्यात राळ ओतून केलेल्या नकलेत ही रेघ सहसा नसते. तिथे सापडतात हवेचे बारीक बुडबुडे आणि एकाच घडणीची दहा भावंडं. जन्मभर मोडलेला माल बाजूला काढणारे आम्ही, तिथे भिंग लावून मोड शोधत बसलो होतो! यजमान पुदिन्याचा चहा ओतत हसत होते. सौदा कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून झाला, कारण आमचं फ्रेंच बोंजूरच्या पुढे जात नाही.

टेबलं आणली नाहीत. वजन आणि तुटफूट धरली तर ते गणित बसत नाही. ताटल्या, पुस्तकांचे टेकू, पॉलिश केलेले गोनियाटाइट, म्हणजे वेटोळ्या शंखाचे जीवाश्म, आणि मोजके ट्रायलोबाइट, एवढाच माल. निर्यातीचा परवाना तिथल्या व्यापाऱ्याने काढायचा. तो नसेल तर पेटी भरायची नाही. प्रत्येक नगाबरोबर आम्ही चिठ्ठी देतो: गाव कोणतं, काळ कोणता, सांधा कुठे, राळ किती. "सांधा आहे, मग सेकंडचा माल का?" हा प्रश्न रोज येतो आणि दुकानातल्या पोरांना त्याचं उत्तर आता पाठ आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गोनियाटाइट बघून कोणी विचारतं, "हा शाळिग्राम का हो?" नातं आहे, पण लांबचं. शाळिग्राम नेपाळच्या गंडकीतला, वयाने पुष्कळ धाकटा. गोनियाटाइट देवघरासाठी म्हणून आम्ही विकत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ताटलीवर लिंबू-चिंच लावू नका, हे चिठ्ठीत मोठ्या अक्षरात छापतो. ही चुनखडी आहे, आंबटाने तिची चकाकी जाते.

कारागिराची मजुरी आता आमच्या बिलावर वेगळी लिहिलेली असते. झिओलाइटच्या बिलावरही खाणीतून नमुना सोडवून आणणाऱ्याची रक्कम तशीच वेगळी दाखवायला घेतली आहे. वडिलांना ते पटलेलं नाही. गिऱ्हाईक घासाघीस नेमकी तिथेच करेल असं ते म्हणतात, आणि काही जण करतातही.