विचर आली तो सोमवार आणि आमचा लालभडक डॅशबोर्ड

मी काय काम करते हे सांगताना कायम पंचाईत होते. आई शेजारच्या काकूंना सांगते की ही कंप्युटरवर लोकांचं बोलणं वाचत बसते, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. नवीन सिरीज आली की लोक तिच्याबद्दल जे काय टाइप करतात ते एक टूल गोळा करतं, आवडलं तर हिरवा, नाही आवडलं तर लाल, मधलं काही असेल तर करडा रंग देतं, आणि आम्ही पुण्यात बाणेरच्या ऑफिसात बसून तपासतो की रंग बरोबर दिलेत का. मग रिपोर्ट युरोपातल्या एका एजन्सीला जातो. नाव सांगता येणार नाही, कागदावर सही केलेली आहे.

तर २० डिसेंबर २०१९ ला, शुक्रवारी, नेटफ्लिक्सवर 'द विचर' आली, आठही एपिसोड एकदम. पुस्तकं पोलंडच्या आंद्रेय सापकोव्स्कींची, त्यावर तुफान चाललेले व्हिडिओ गेम, आणि हिरो हेन्री कॅव्हिल, म्हणजे आपला सुपरमॅन, पांढरे केस लावून राक्षस मारत फिरणारा (असल्या राक्षसमाऱ्यालाच विचर म्हणतात). त्यामुळे तीन जातींची माणसं एकाच वेळी टीव्हीसमोर बसणार हे आधीच दिसत होतं: पुस्तकवाले, गेमवाले, आणि कॅव्हिल बाथटबमध्ये बसलाय एवढ्यासाठी आलेले. (तिसरा गट सगळ्यात सुखी होता. त्यांच्याकडून एक तक्रार नाही.)

सोमवारी दुपारच्या शिफ्टला आले तर डॅशबोर्ड, म्हणजे सगळे रंग एकत्र दाखवणारी स्क्रीन, लालभडक. टीम लीड मॅडम ऑलरेडी टेन्शनमध्ये, कारण रात्री क्लायंटचा कॉल आणि आपोआप तयार झालेला रिपोर्ट म्हणत होता की पब्लिकला सिरीज अजिबात झेपलेली नाही. काही समीक्षकांनी तर आधीच धुतलं होतं, एका अमेरिकन मासिकाने सगळे एपिसोड न बघताच सरळ नापासाचा ग्रेड देऊन टाकला होता, त्यामुळे लाल रंग सगळ्यांना पटलाच. मला पटेना. कारण ज्यांना सिरीज आवडत नाही ते दुसऱ्या एपिसोडला उठून जातात, रविवारी रात्री दोन वाजता सातव्या एपिसोडबद्दल भांडत बसत नाहीत ना.

माझ्या शेजारी नागपूरचा पोरगा बसायचा, नवीनच लागलेला. तो स्क्रीनकडे बघत म्हणतो, "ताई, हे लोकं सिरीज पाहून राहिले का शिव्या देऊन राहिले, मले तं काहीच समजून नाही राहिलं."

म्हटलं, "दोन्ही करतायत रे. तू आधी शिव्यांचा ढीग वेगळा काढ."

शिव्यांचं असं होतं की गेराल्ट, म्हणजे तो कॅव्हिल, दोनच गोष्टी बोलतो, एक 'हम्म' आणि दुसरी इंग्रजीतली चार अक्षरी शिवी. लोकांना ते इतकं आवडलं की प्रेमाने तेवढंच लिहायचे. टूलला काय कळतंय, शिवी दिसली की लाल. हम्म ला करडा. त्या पोराने एकेक उघडून बघितलं तर त्या लालमधले भरपूर जण चक्क खुश होते. जॅस्किअर नावाचा गवई आहे त्यात, त्याचं ते नाण्यावरचं गाणं डोक्यातून जात नाही म्हणून वैतागलेले वेगळेच. तेही लाल! खरं तर गाणं अधिकृतपणे कुठे मिळेना म्हणून लोक ओरडत होते, ते जानेवारीत रिलीज झालं.

पण एवढ्याने लाल रंग फिका झाला नाही. खरा ढीग वेगळाच होता, आणि तो होता 'काही कळत नाहीये' चा.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिरीजमध्ये तीन गोष्टी समांतर चालतात, गेराल्टची, येनेफर जादूगारणीची आणि सिरी या राजकन्येची, आणि त्या एकाच काळातल्या नाहीतच. येनेफरची कितीतरी दशकं आधी सुरू होते, गेराल्टची त्यानंतर, सिरीची सगळ्यात शेवटी. आणि हे सांगत कोणीच नाही. ना पडद्यावर साल, ना 'तीस वर्षांपूर्वी' अशी पाटी. पहिल्याच एपिसोडमध्ये सिंट्राची राणी कलांथे, सिरीची आजी, राज्य पडल्यावर खिडकीतून उडी मारून मरते. आणि त्याच एपिसोडमध्ये गेराल्टच्या गोष्टीत रेन्फ्री नावाची मुलगी जाता जाता म्हणून जाते की कलांथेने नुकतीच पहिली लढाई जिंकलीये. एक वाक्य, गेलं. चहाचा कप उचलायला वाकलात तर हुकलं.

मी मग टूलचा रंग बाजूला ठेवला आणि कमेंट एपिसोडप्रमाणे लावल्या. हे कोणी करत नाही कारण वेळखाऊ आहे, लोक एपिसोड नंबर लिहीत नाहीत, नावांवरून ओळखावं लागतं. पण लावल्यावर जे दिसलं ते बघून मी मॅडमना त्यांच्या केबिनमधून ओढूनच आणलं. दुसऱ्या तिसऱ्या एपिसोडला 'कळत नाही' चा पूर. तिसऱ्यात काही हुशार लोकांना शंका, की फोल्टेस्ट राजा एका गोष्टीत बहिणीसोबत खेळणारं पोर आणि दुसरीकडे मध्यमवयीन माणूस कसा. आणि चौथ्यात मेजवानीच्या सीनला कलांथे तरुण, जिवंत, दारू पीत बसलेली, तिथे एकदम स्फोट. अरे ही मेली होती ना!! सगळं कॅपिटलमध्ये.

एका माणसाच्या कमेंट ओळीने वाचल्या मी. शनिवारी दुपारी म्हणतोय की लेखकाला एडिटर मिळाला नव्हता का. संध्याकाळी म्हणतोय थांबा थांबा. रात्री दुसऱ्या कोणाला तरी रागावून समजावतोय की बाबा तीन काळ आहेत, एवढं साधं कळत नाही का. आणि रविवारी पहिला एपिसोड परत लावून रेन्फ्रीचं ते वाक्य मिनिटासकट लिहून टाकलंय. यातल्या पहिल्या तिन्ही कमेंट टूलने लाल केल्या होत्या. असे एक दोन नव्हते. लोक घरबसल्या चार्ट काढून एकमेकांना पाठवत होते, आपलं भारतीय पब्लिक तर येनेफर झालेल्या आन्या चलोत्राचे वडील भारतीय म्हणून आधीच खुश, वर बरेच जण म्हणत होते की यात अवघड काय, महाभारतात गोष्टीत गोष्ट आणि तिच्यात पुन्हा मागची गोष्ट नसते का. मला ते मनापासून पटलं. आजीने सांगताना कोणी साल विचारलं होतं?

रात्रीच्या कॉलवर मी चौथा रंग काढून दाखवला, पिवळा, गोंधळलेले पण बघणारे. तिकडच्या बाईंना तो काही आवडला नाही. त्यांचं म्हणणं, गोंधळ म्हणजे नाराजीच, गिऱ्हाईक गोंधळलं की निघून जातं. साबणाच्या बाबतीत असेल बाई खरं. मी वाद न घालता त्या माणसाच्या चारही कमेंट ओळीने वाचून दाखवल्या. तिकडे जरा शांतता, मग मॅडमने सावरलं आणि रिपोर्ट पिवळ्यासकट गेला, फक्त तळटीप टाकून की ही आमची स्वतःची विभागणी आहे.

पुढे जानेवारीत नेटफ्लिक्सने जाहीर केलं की पहिल्या चार आठवड्यांत ७ कोटी ६० लाख घरांनी सिरीज लावली. त्यातही गंमत आहे, तेव्हा त्यांनी मोजायची पद्धत बदलून नुसती दोन मिनिटं बघितली तरी धरायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्या आकड्यावर मी काही नाचले नाही. मला जास्त खरं वाटलं ते हे की २०१५ चा जुना विचर ३ गेम नव्या वर्षाच्या सुमारास स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, एकाच वेळी लाखाच्या वर लोक खेळत होते, आला तेव्हापेक्षाही जास्त. नावडती सिरीज बघून कोण गेम घेतं हो? आणि थोड्या दिवसांनी नेटफ्लिक्सने स्वतःच टाइमलाइनसकट नकाशा काढून दिला, जो पब्लिकने आधीच वहीत काढून झाला होता.

सगळाच लाल खोटा होता असं मात्र नाही हं. निल्फगार्डच्या, म्हणजे सिंट्रावर चाल करून आलेल्या साम्राज्याच्या, सैनिकांचं ते काळं चिलखत, सुकलेल्या खारकेसारखं सुरकुतलेलं, त्याची बाजू घेणारा एक माणूस मला शोधून सापडला नाही, पुस्तकवाला नाही, गेमवाला नाही, बाथटबवालासुद्धा नाही. ते मी रिपोर्टमध्ये ठळक केलं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये चिलखत बदललं, अर्थात ते आमच्यामुळे नाही, साऱ्या जगानेच त्याची खिल्ली उडवली होती.

दुसरा सीझन डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा गोष्ट बऱ्यापैकी सरळ सांगितली होती. पिवळ्या रकान्यात फारसं कोणी आलंच नाही. त्याऐवजी एस्केलला, म्हणजे गेराल्टच्या जोडीदार विचरला, मारला म्हणून पुस्तकवाले आणि गेमवाले एकत्र येऊन असे काही चिडले की नागपूरच्या पोराने, तो आता सीनियर झालाय, टूलचे रंग तपासायचीसुद्धा तसदी घेतली नाही. म्हणाला, "ताई, हा लाल ओरिजिनल आहे."