लेकीला गाडी का देत नाही

"सतरा पूर्ण झाली ना तिला? अजून बसनेच जाते?" सोसायटीच्या गेटपाशी, क्लासच्या पालकसभेत, माहेरच्या लग्नात, सगळीकडे हा प्रश्न येतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. सिंहगड रोडवरचा रात्री साडेनऊचा बसस्टॉप त्यांनीही पाहिलेला असतो आणि माझी ॲक्टिव्हा पार्किंगमध्ये उभी असते, हेही त्यांना दिसत असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

कायद्याचं मी सांगायला नको. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, हे आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरून गेलंय. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा जामिनाची अट म्हणून त्याला लिहायला सांगितलेल्या त्या ३०० शब्दांच्या निबंधावर आपण सगळेच संतापलो होतो. जूनमध्ये क्लास सुरू झाले, तर क्लासखाली दुचाक्यांची रांग तेवढीच. तेव्हा दंडाच्या भीतीने मी चावी देत नाही असं कुणी समजू नये.

माझ्या दिरांचा मुलगा तेव्हा सोळाचा होता. गाडी चांगली चालवायचा. हे मुद्दाम सांगते, कारण अपघात झाला की 'पोरगं उनाड असणार' म्हणून लोक मोकळे होतात. तो क्लासला निघाला होता, डोक्यावर हेल्मेट होतं, वेग बेताचा होता. मी माझ्या गाडीवर त्याच्या मागेच होते. गल्लीत डाव्या हाताला एक कार उभी होती. आत कुणीतरी बसलंय हे मला लांबूनच दिसलं आणि माझा हात ब्रेकवर गेला. इतकी वर्षं रस्त्यावर काढली की ते आपोआप होतं, त्यात माझं कौतुक काही नाही. त्याला ते दिसलं नाही. कारचं दार उघडलं आणि त्याने ते चुकवलं, अगदी सफाईने चुकवलं. पण तो जिकडे वळला तिकडून एक बाई चालत येत होत्या. आमच्याच भागात चार घरच्या पोळ्या करायच्या. हँडल लागून त्या काँक्रीटवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांना दवाखान्यात पोचवून आम्ही चौकीत आलो. तो बाकावर बसून एकच वाक्य बोलत होता, "काकू, मला फक्त दारच दिसलं." दीर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे लायसन्स आहे, तुम्ही तिथे होतातच. गाडी तुम्ही चालवत होतात म्हणा. विम्याचंही निभेल आणि पोराचं वर्ष वाचेल." बाजूला म्हणजे किती, चार पावलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, काकू हो म्हणेल. लहानपणापासून त्याच्या कुठल्याच गोष्टीला मी नाही म्हटलेलं नव्हतं.

मी नाही म्हणाले.

गुन्हा दिरांवर दाखल झाला. भरपाईच्या दाव्याचं अजून चालूच आहे. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं तर विमा कंपनी आधी जखमीला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करू शकते, हे तेव्हा आम्हाला कळलं. त्या बाईंना ओट्याशी उभं राहणं जमेना. महिना-दीड महिना घरांनी वाट पाहिली, मग दुसऱ्या बाई लावल्या. कुणाला दोष देऊ, लोकांनाही रोज जेवायचं असतंच. जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. "आपल्या पोरासाठी एवढं केलं नाहीत," हे त्यांचं शेवटचं वाक्य. मी वागले ते बरोबरच होतं आणि आजही मी तेच करेन, हे कुणीही कुठेही विचारावं.

पण बाकावर माझी लेक असती तर? तिने मान वर करून तसंच पाहिलं असतं तर मी नाही म्हणाले असते का? छातीवर हात ठेवून मला हो म्हणता येत नाही. चावी माझ्याकडे राहण्याचं खरं कारण एवढंच आहे. माझी तशी परीक्षा व्हायला नको आहे, आणि त्यासाठी कुणा बाईचं हाड मोडायला नको आहे.

आता माझ्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप. तो तुम्ही घेत नाही, सांगलीतली सोळा वर्षांची मी घेते. बाबांनी संमतीची सही केली आणि मला लायसन्स मिळालं. बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवानगी होती. १९८८ च्या कायद्यात ती आजही आहे, फक्त तेवढ्या ताकदीची पेट्रोलची गाडी शोरूममध्ये उरलेली नाही. ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपास जाते. माझी लुना होती. विश्रामबागेतून मिरजेला मावशीकडे मी एकटी जायचे, दादाला 'सोड ना रे' म्हणून विनवणं संपलं. प्रॅक्टिकल उशिरा सुटलं तरी कुणाची वाट पाहायला लागायची नाही. माझ्या आयुष्यात जे काही धाडस आलं, ते त्या लुनावरून आलं. ती मुलगी मला विचारते, तुला मिळालं ते तुझ्या लेकीपासून का हिरावतेस? मी म्हणते, तेव्हा रस्ते वेगळे होते, लुना पळून पळून किती पळणार. ती म्हणते, मग त्या बसस्टॉपचं काय? गेल्या महिन्यात दोघे जण बाईकवरून लेकीसमोरून परत परत चकरा मारत होते, त्याचं काय? तिथे मी गप्प होते.

अगदी कमी ताकदीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही, तीच घ्या, असंही काही जण सुचवतात. ती गाडी मी पाहून आले. संध्याकाळी डंपर आणि बसच्या मधून ती पंचविसाने चाललेली डोळ्यांसमोर आली आणि पैसे भरायचं राहिलं. अजून पक्का नकार मात्र दिलेला नाही.

सध्या मी तिला मागे बसवते आणि रस्ता मोठ्याने वाचायला लावते. "आई, पुढचा रिक्षावाला मागे बघतोय, थांबणार. डावीकडच्या कारमध्ये माणूस आहे. ते आजोबा मध्येच वळतील." सुरुवातीला तिला लाज वाटायची. आता कधी कधी ती माझ्या आधी ओळखते. अठरा झाल्यावर लर्निंग काढायचं, तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी, आणि तोवर रोज पहाटे मी मागे बसणार, असं आमचं ठरलंय. परवा तिने विचारलं, "अठराव्या वाढदिवसाला माझ्यात एका रात्रीत काय बदलणार आहे?" काहीच बदलणार नाही, असं मी तिला सांगितलं. मग थांबायचं कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्यावरून आमचं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.