दोन ओळींची भूमिका

परक्या देशात काम शोधणाऱ्या अभिनेत्रीवरचे छोट्या खर्चातले स्वतंत्र चित्रपट मी आवर्जून पाहते, आणि त्यांतला ऑडिशनचा प्रसंग माझ्या मनात सर्वांत जास्त काळ राहतो. रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभी राहून ती मोलकरणीच्या दोन ओळी म्हणते, समोरची व्यक्ती उरलेले संवाद सपाट आवाजात वाचते, आणि शेवटी तिला सांगितले जाते की, छान झाले, फक्त हेल थोडा वाढवा. जो हेल घालवण्यासाठी तिने कित्येक महिने आरशासमोर घालवले, तोच आता तिच्याकडे मागितला जातो. परदेशी गेलेल्या अभियंत्याचे उच्चार वेगळे असले तरी त्याचे गणित बदलत नाही. नटीचा मात्र आवाज हेच तिचे हत्यार असते.

हेल लपवून मोठे होण्याचा मार्गही काहींनी पत्करला. १९११ साली मुंबईत जन्मलेल्या हॉलिवूड अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांना १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचे नामांकन मिळाले, परंतु आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर झाल्याचेच त्या जगाला सांगत राहिल्या. त्यांच्या बाबतीत सर्वांत दीर्घ भूमिका पडद्याबाहेरचीच होती, असे मला वाटते.

आज अडचण कागदपत्रांचीही असते. अमेरिकेत कलावंतांसाठी असलेल्या ओ-१ व्हिसाचा अर्ज कलावंताला स्वतः करता येत नाही. तो तिथल्या नियोक्त्याने किंवा एजंटने करावा लागतो आणि सोबत आधीच्या उल्लेखनीय कामाचे पुरावे जोडावे लागतात. म्हणजे काम मिळण्यासाठी व्हिसा आणि व्हिसासाठी काम. या विषयावरच्या चित्रपटांत हा फेरा बहुधा एखाद्या संवादात उरकला जातो, याची मला खंत वाटते, कारण खरे नाट्य त्या फायलीतच आहे: मायदेशी गाजलेल्या भूमिकांची कात्रणे भाषांतरित करून घेताना आपलेच नाव परके वाटू लागते, तो क्षण कुणी नीट चित्रित करायला हवा.

झार अमीर इब्राहिमी यांची हकीकत इथे आठवते. इराणमध्ये दूरचित्रवाणीवर लोकप्रिय असताना त्यांना २००८ साली देश सोडून फ्रान्समध्ये जावे लागले. पुढे ‘होली स्पायडर’ या चित्रपटासाठी त्या कास्टिंग डायरेक्टर म्हणून, म्हणजे ऑडिशनच्या टेबलापलीकडे बसून, काम करत होत्या; मुख्य भूमिकेसाठी निवडलेल्या अभिनेत्रीने ऐनवेळी माघार घेतली, तेव्हा ती भूमिका त्यांनीच केली आणि २०२२ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. पटकथेत कुणी असे लिहिले असते, तर ओढूनताणून आणलेला शेवट म्हणून मी नाक मुरडले असते.